तीन दिवस, चार हजार रुपये आणि पुण्यातल्या संध्याकाळी

भीमाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, नोकरी बँकेत. वर्षातून तीन-चार वेळा जोडून सुट्ट्या आल्या की एकटीच एखाद्या शहरात जाते. ऑगस्टमध्ये शुक्रवार ते रविवार पुण्याला यायचं म्हणते. एकूण चार हजार रुपये, जाण्यायेण्याच्या गाडीभाड्यासकट.

पुण्यात कामासाठी दहा वेळा आले असेन. स्टेशन, ऑफिस, स्टेशन. शहर म्हणून पुणं पाहिलेलंच नाही.

मी आधी संध्याकाळ ठरवते आणि मग दिवस. कुठल्या रात्री कुठे नाटक किंवा गाणं आहे ते कळलं की बाकीचं त्याच्या मागेपुढे बसवते. ही सवय सांगलीत लागली. ट्रेनिंगला गेले होते, संध्याकाळ रिकामी होती, विष्णुदास भावे नाट्यगृहासमोर रांग दिसली म्हणून उभी राहिले. भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, हे शाळेत पाठ केलं होतं. त्या गावात, त्यांच्याच नावाच्या नाट्यगृहात, अनोळखी माणसांच्या मधे बसून नाटक पाहिलं तेव्हा ते पाठ केलेलं अंगाला लागलं. गाव कसं आहे हे मला दिवसा फिरून कळत नाही. ते कशाला टाळ्या देतं, मध्यंतरात काय बोलतं, प्रयोग सुटल्यावर कुठे चहाला थांबतं, यावरून कळतं.

तर पुणेकरांनो, तीन संध्याकाळी सुचवा. दिवसा संग्रहालयं, जुने वाडे, देवळं चालतील. मॉल नको, खरेदी नको. रिक्षाला शक्यतो हात करायचा नाही.

---

पायपीट | सोमवार, रात्री १०.४०

ऑगस्टमध्ये येताय आणि सिंहगड नाही? श्रावणातला गड, झुणका-भाकरी, मडक्यातलं दही. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते, खर्च जवळपास शून्य. एक दिवस गडाला द्याच.

---

भीमाकाठ | सोमवार, रात्री १०.५२

गड मनापासून आवडतात. पण सकाळी चढून दुपारी उतरलं की संध्याकाळी नाटकाला डोळे मिटतात, हे अनुभवानं माहीत आहे. या खेपेला शहरच.

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ११.२०

तुमची पद्धत वाचून आनंद झाला. गेली तीस वर्षं मी पुण्यात नाटकं पाहतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

शुक्रवारी भरत नाट्य मंदिर. ऑगस्ट म्हणजे पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेऱ्यांचा हंगाम. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. एका संध्याकाळी तीन कॉलेजांच्या तीन एकांकिका होतात. पडदा उघडायच्या आधी कॉलेजची पोरं आपल्या टीमसाठी जो आवाज करतात, तो ऐकायला तरी जा. मराठी रंगभूमीवरची किती मोठी माणसं या रंगमंचावर पहिल्यांदा थरथरत उभी राहिली आहेत! तीनपैकी एखादी एकांकिका कच्ची निघते. ती कच्ची एकांकिकाही मला बेतलेल्या गुळगुळीत नाटकापेक्षा जास्त देऊन जाते, कारण तिथे विशीतली मुलं स्वतःचं काहीतरी सांगायला धडपडत असतात. तिकीट स्वस्त असतं पण पटकन संपतं. स्पर्धेच्या तारखा जुळतात का ते आधी बघा आणि त्यावर तुमचा शुक्रवार ठरवा.

शनिवारी रात्री व्यावसायिक नाटक. बालगंधर्व, टिळक स्मारक नाहीतर कोथरूडचं यशवंतराव चव्हाण. तुम्हाला पहिल्यांदाच पाहायचंय, तर बालगंधर्व. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २६ जून १९६८ ला उद्घाटन. तोवर ते हयात नव्हते. उभारणीत पुलंनी जातीनं लक्ष घातलं होतं. जंगली महाराज रस्त्यावरून आत वळलात की डावी-उजवीकडे जाहिरातींचे फलक दिसतील, ते उभं राहून सगळे वाचा. पुढच्या पंधरा दिवसांचं पुणं तिथे टांगलेलं असतं.

तिकीट ऑनलाइन मिळतं, पण त्यावर वरचे पैसे लागतात. खिडकीवर जा. खिडकी सकाळी आणि संध्याकाळी उघडते, दुपारी बंद. समोरच्या प्लॅनवर आपण बोट ठेवायचं आणि खुर्ची निवडायची. बाल्कनी सगळ्यात स्वस्त आणि आवाज वरपर्यंत नीट येतो. मध्यंतरात बटाटेवडा. तो खाल्ल्याशिवाय बालगंधर्वला गेलो असं आम्ही मानत नाही.

आणि रविवारची एक युक्ती. सोलापूरचे लोक संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस गाठायची म्हणून रविवारचं नाटक सोडतात. सोडू नका. रविवारी बहुतेक ठिकाणी दुपारी साडेबाराचाही प्रयोग असतो. साडेतीनच्या आसपास सुटतो. बालगंधर्वपासून छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानक चालत पाच-सात मिनिटांवर आहे आणि तीच मेट्रो थेट पुणे रेल्वे स्टेशनला जाते. चहा पिऊनसुद्धा गाडी मिळते.

---

अनुजा_कोथरूड | मंगळवार, सकाळी ७.५०

+१ साडेबाराच्या प्रयोगाला. माझी आई सत्तरीची, रात्रीचं जागरण झेपत नाही, तिची सगळी नाटकं आता दुपारचीच असतात.

भीमाकाठ, राहायचं काय ठरवलंय? बाईमाणूस एकटी, म्हणून विचारते.

---

भीमाकाठ | मंगळवार, दुपारी १.३०

स्टेशनजवळ एका लॉजमध्ये दोन रात्रींचं बुकिंग केलंय, अकराशेत. तिसरी_घंटा, तुमचा प्रतिसाद डायरीत उतरवून घेतलाय. दादा, खूप आभार.

---

नारायणपेठ | मंगळवार, दुपारी ४.१०

आता दिवसाचं मी सांगतो. वय वर्षं ६८, जन्म पेठेतला.

लोक शनिवारवाडा बघायला येतात आणि आत जाऊन हिरमुसतात. वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आत जोती, हौद आणि हजारी कारंज्याचा आकार तेवढा उरलाय. पहिल्या बाजीरावानं १७३० साली पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत केली, हे फलकावर वाचायचं आणि बाकीचं मनात उभं करायचं. दिल्ली दरवाज्याचे हत्तींना अडवायचे अणकुचीदार खिळे आणि तटावरून दिसणारं शहर, एवढ्यासाठी अर्धा तास पुरे.

पेशवाईतलं लाकूडकाम बघायचं तर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला, १८०७ चा. बाजीराव रस्त्यावर समोरच्या फुटपाथवर उभं राहून वरची मेघडंबरी, म्हणजे छत असलेला सज्जा, बघा. सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी, त्यावरची बारीक नक्षी. मी शाळेला रोज याच्यासमोरून जायचो. अजूनही त्या रस्त्यानं गेलो की मान आपोआप वर होते.

तिथून तुळशीबागेत शिरा, राममंदिरापाशी दोन मिनिटं टेका, मग मंडई. मंडईची मुख्य इमारत १८८६ ची, वर अष्टकोनी मनोरा. भाजी घ्यायची नसली तरी आतून एक चक्कर मारा.

पुढे नातूबागेजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय. हे मात्र घाईनं उरकू नका. दिनकर केळकर कवी होते, ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहायचे. त्यांचा मुलगा राजा लहानपणी गेला, त्याच्या नावानं हे संग्रहालय. बहुतेक संग्रहालयांत राजांच्या तलवारी असतात. इथे घरातल्या बायामाणसांच्या हातातल्या वस्तू आहेत. अडकित्ते, समया, लामणदिवे, पाय घासायच्या वज्र्या, कुंकवाचे करंडे, खिसण्या, दौती. माणूस गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरचं उतरवून हे गोळा करत राहिला. कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानीचा महालही तिथेच आहे. किमान तीन तास ठेवा.

---

मुळामुठा | मंगळवार, सायंकाळी ६.०५

नारायणपेठ काका, त्रिशुंड गणपती राहिला! सोमवार पेठेत, नागझरीच्या कडेला. अठराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ. मूर्तीला तीन सोंडा, आणि बसायला मोर. दर्शनी भिंतीवर साखळीनं बांधलेला गेंडा आणि त्याच्याभोवती इंग्रज शिपाई कोरलेत. देवळाच्या दारावर गेंडा का असावा याचा विचार करत मी तासभर उभा होतो. तिकीट नाही, गर्दी नाही. कसबा गणपतीला नमस्कार करून चालत जाता येतं.

पाताळेश्वरही धरा. राष्ट्रकूट काळातलं, एकाच खडकात कोरलेलं, तेही भर जंगली महाराज रस्त्यावर. बाहेर बसचे हॉर्न, आत गारवा. समोरचा नंदीमंडप चक्क गोल आहे. बालगंधर्वच्या खिडकीवर सकाळी तिकीट काढलं की चालत दहा मिनिटं.

---

षड्ज | मंगळवार, रात्री ९.३०

गाण्याबद्दल कुणी बोललंच नाही.

पुण्यात गाणं ऐकायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. सकाळच्या पेपरात शहरातल्या कार्यक्रमांचा रकाना असतो, तो रोज वाचा. कुठल्या तरी गुरूंच्या पुण्यतिथीनिमित्त शिष्यांचं गायन, कुठे तबल्याची जुगलबंदी, कुठे पुस्तक प्रकाशन आणि शेवटी दोन शब्द: प्रवेश विनामूल्य. गेली बारा वर्षं मी या दोन शब्दांवर गाणं ऐकतोय. तिशीतले गायक-गायिका, ज्यांना पुढे मोठ्या मंडपात लांबून ऐकावं लागेल, ते इथे चार हातांवर बसलेले असतात.

एकच सांगणं. चीज, म्हणजे बंदिश, चालू असताना उठू नका. दोन चीजांच्या मधे उठा. आणि मागे बसलात तरी मोबाईलचा उजेड करू नका, गाणाऱ्याला तो दिसतो.

कुणी डिसेंबरात येणार असेल तर सवाई गंधर्व महोत्सव. १९५३ पासूनचा. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला आणि पुढे जन्मभर सांभाळला. भारतीय बैठकीचं तिकीट खुर्चीपेक्षा बरंच कमी असतं. सतरंजी, शाल, पाण्याची बाटली घेऊन बसायचं. पूर्वी रात्र रात्र चालायचा. पहाटेची भैरवी ऐकून घरी चालत गेल्याच्या आठवणी माझे वडील सांगतात. आता ध्वनिक्षेपकाच्या वेळेचं बंधन आहे.

उन्हाळ्यात येणाऱ्यांनी वसंत व्याख्यानमाला पाहावी, टिळक स्मारकला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली.

---

पायपीट | मंगळवार, रात्री ९.५५

ऑगस्ट आहे, तर संध्याकाळी नदीपात्राकडे जा. गणपतीच्या आधी ढोलताशा पथकांचा सराव चालू असतो. दिवसभर कॉलेज-ऑफिस करून आलेली मुलंमुली चिखलात उभी राहून तासन्‌तास वाजवतात. पहिल्यांदा ऐकताना छातीत घुमतं. हेही विनामूल्यच.

---

चौथी_रांग | बुधवार, सकाळी ११.००

सिनेमाची आवड असेल तर लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ ची स्थापना. पी. के. नायरांनी देशभर फिरून, भंगारातून, गोदामांतून रिळं वाचवली. फिल्म क्लबांचे आणि महोत्सवांचे खेळ तिथल्या थिएटरात होतात, काहींना प्रवेश मोफत असतो. जवळच फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे जुना प्रभात स्टुडिओ. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून इथे आली. त्या रस्त्यानं नुसतं चाललं तरी मला भरून येतं.

---

भीमाकाठ | बुधवार, रात्री १०.३०

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. तीन दिवसांत हे बसणार नाही, काही पुढच्या खेपेला ठेवते. परत आले की सविस्तर लिहीन.

---

भीमाकाठ | तीन आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री ९.००

परत आले. आठवतंय तसं लिहिते.

आधी वाईट तेवढं सांगून टाकते. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं उतरून लॉजवर गेले तर काउंटरवरच्या माणसानं ओळखपत्र पाहिलं, मागे पाहिलं आणि विचारलं, “बरोबर कोण?” कुणी नाही म्हटल्यावर खोली नाही म्हणाला. बुकिंग दाखवलं, पैसे भरल्याचा मेसेज दाखवला. “एकट्या लेडीजला देत नाही.” पैसे परत मिळायला पाच दिवस लागले. मी बेचाळीस वर्षांची आहे, वीस वर्षं नोकरी करतेय, आणि भर दुपारी हातात बॅग घेऊन फुटपाथवर उभी होते. त्या क्षणी परत जावंसं वाटलं. मग इथे अनुजाताईंना निरोप टाकला. वीस मिनिटांत त्यांचा फोन आला. त्यांच्या ओळखीच्या, नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात पाहुण्यांसाठी एक कॉट असते, ती दोन रात्रींसाठी मिळाली. रात्रीला साडेतीनशे, सकाळचा चहा धरून. शिवाय त्यांनी वॉर्डनला सांगून ठेवलं होतं की ही नाटकाला जाणार आहे, रात्री साडेबाराला दार उघडा. अनुजाताई, हे मी विसरणार नाही.

त्यामुळे शुक्रवारची दुपार गेली. पण संध्याकाळी भरतला पोचले. तारखा जुळल्या होत्या. तिकिटं संपली होती, तरी दारात उभ्या असलेल्या एका मुलीनं आपलं जास्तीचं तिकीट आहे त्या किमतीत दिलं, तिची मैत्रीण येणार नव्हती. तीन एकांकिका. दुसरी एका धरणग्रस्त गावावर होती. नेपथ्य म्हणजे चार घागरी आणि एक दोर. मधेच एका मुलाचा शब्द अडला. सगळं नाट्यगृह गप्प झालं, कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. तीन-चार सेकंद गेली असतील. त्याला वाक्य सापडलं आणि प्रेक्षकांत बसलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिस्पर्ध्यांनी! तिसरी_घंटा दादा, तुम्ही मुलांच्या आवाजाबद्दल लिहिलं होतं. मला ती शांतता आठवत राहिली आहे.

शनिवारी सकाळी मेट्रोनं छत्रपती संभाजी उद्यान. स्थानकाचं छत मावळ्याच्या पगडीसारखं आहे, ते खाली उतरून मागे वळून पाहिल्यावर कळलं. खिडकीवर बाल्कनीतली दोन तिकिटं काढली, शनिवार रात्रीचं एक आणि रविवार दुपारचं एक. मग पाताळेश्वर. पाऊस पडत होता, नंदीमंडपाच्या कडेनं पाणी ओघळत होतं, आत एक आजोबा पोथी वाचत बसले होते. अर्धा तास तिथे टेकले.

नंतर मंडई स्थानकाला उतरून काकांच्या वाटेनं. विश्रामबागवाड्यासमोर मान वर करून उभी राहिले, तशी शेजारून जाणारी एक बाईही थांबून वर बघायला लागली. तुळशीबागेतून मंडई. दुपारचं जेवण सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये. विद्यार्थ्यांची मेस, पण पाहुण्याला ताट देतात. आमटी, भात, घेवड्याची भाजी, तीन पोळ्या, ताक. नव्वद रुपये.

केळकर संग्रहालयात तीन तास म्हणाला होतात, मी साडेतीन तास होते. अडकित्त्यांपुढे खिळले. एक पोपटाचा, एक घोडेस्वाराचा, एक नवराबायकोच्या जोडीचा. माझ्या आजीचा अडकित्ता साधा लोखंडी होता, आणि ती गेल्यावर आम्ही तो मोडीत घातला. तेव्हा मी बारावीत होते, मला काही वाटलं नव्हतं. परवा त्या काचेसमोर वाटलं.

रात्री बालगंधर्व. नाटकाबद्दल लिहीत नाही, मध्यम होतं. पण पहिली घंटा, दुसरी घंटा, लोक घाईनं आत येतायत, पुढच्या रांगेतल्या काकू पर्समधून आलेपाकाची वडी काढून अनोळखी शेजारणीला देतायत. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, आणि शेकडो माणसं एकदम गप्प झाली. यासाठी मी कुठेही जाईन. वडा खाल्ला. सुटल्यावर अनुजाताई स्कूटर घेऊन बाहेर उभ्या होत्या, “एकटी कशाला जातेस” म्हणून.

षड्ज, तुमचा रकाना रविवारी सकाळी वाचला आणि तो कामाला आला. दहा वाजता एका छोट्या सभागृहात गुरुपूजनानिमित्त सतारवादन होतं. पन्नासएक माणसं, मी तिसऱ्या ओळीत, खाली बसून. राग अहिर भैरव. वाजवणारी मुलगी पंचविशीची असेल. साडेबाराच्या प्रयोगासाठी मला सव्वाअकराला उठावं लागलं, आलाप संपेपर्यंत थांबून मगच उठले. पुढच्या खेपेला रविवारी नाटक नाही काढणार, गाणं पूर्ण ऐकणार.

साडेबाराचा प्रयोग, चहा, मेट्रो, हुतात्मा. सगळं जुळलं. नदीपात्रातले ढोल पुढच्या वेळी. आगाखान पॅलेसलाही जायचं होतं, कस्तुरबांच्या समाधीपाशी, पण शुक्रवारची दुपार हातची गेली.

खर्च: जाऊन-येऊन गाडीभाडं धरून ३,४६० रुपये. त्यात नाटकांची तिकिटंच सगळ्यात जास्त, आणि ते तसंच असायला हवं होतं.

---

नारायणपेठ | मंगळवार, रात्री १०.२०

आमच्याकडे पोपटाचाच अडकित्ता आहे, आईचा. पुढच्या खेपेला घरी या. सुपारी तुम्ही कातरा.

---

अनुजा_कोथरूड | मंगळवार, रात्री १०.३२

कॉट तुझ्या नावानं राखून ठेवायला सांगितलीय गं. आगाखानला कल्याणीनगर स्थानकावरून जाऊ, मीही लहानपणानंतर गेले नाही.

---

लातूरकर_मीना | बुधवार, सकाळी ८.१५

सगळा धागा एका दमात वाचला. मलाही आईला घेऊन यायचंय, तिनं आयुष्यात बालगंधर्व पाहिलं नाही. गुडघे दुखतात तिचे. बाल्कनी चालेल का?

---

भीमाकाठ | बुधवार, सकाळी ८.४०

बाल्कनी नको, वर जायला जिना चढावा लागतो. खाली मागच्या रांगेतलं, कडेच्या खुर्चीचं तिकीट घ्या, म्हणजे पाय लांब करता येतील. रविवारचा साडेबाराचाच प्रयोग बघा. आणि मध्यंतरात त्यांना उठवू नका, वडा तुम्ही जागेवर आणून द्या. पण वड्याला गर्दी होते, मध्यंतराचा पडदा पडल्या पडल्या तुम्ही निघा.